तिसऱ्या महिन्यात आजारी पडलात, तर कोणती रजा मागायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातली खासगी कंपनी, दीड-दोनशे माणसं. बॅक ऑफिसला दोन वर्षांची नोकरी, पगार महिन्याला ३६,००० रुपये. पहिलंच बाळंतपण, बारावा आठवडा चालू. उलट्या इतक्या की दोनदा सलाईन लावावी लागली, एकदा दाखल व्हावं लागलं. वर्षाच्या सीएल (किरकोळ रजा) आणि सिक लीव्ह दोन्ही संपल्या, पीएल (साठवता येणारी पगारी रजा) थोड्या शिल्लक आहेत. एचआर म्हणते, "मॅटर्निटी लीव्ह आत्तापासून सुरू करा, नाहीतर बिनपगारी घ्या." मॅनेजर म्हणतो, "तब्येत महत्त्वाची, राजीनामा देऊन टाका, नंतर बघू." यातलं काय करावं?

काहीच नाही. तिन्ही पर्याय तुमच्या तोट्याचे आहेत आणि पहिला तर कायद्यात बसतच नाही. चौथा पर्याय आहे, तो कुणी सांगितलेला दिसत नाही. मी कामगार कायद्याचं काम करते, कधी कंपनीच्या बाजूने, कधी कामगाराच्या. माझ्या अनुभवात हा चौथा पर्याय एचआरला माहीत नसतो असं फार कमी वेळा घडतं. बहुतेकदा कुणी मागितलेलाच नसतो, म्हणून त्यांनी कधी दिलेला नसतो.

आधी मॅटर्निटी लीव्हचा हिशोब करू. हयात मुलं दोनपेक्षा कमी असतील तर एकूण २६ आठवडे मिळतात आणि त्यांतले जास्तीत जास्त ८ आठवडे डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या आधी घेता येतात. गरोदरपण ४० आठवड्यांचं धरलं तर ३२ आठवडे पूर्ण होईपर्यंत ही रजा सुरूच होऊ शकत नाही. आता एचआर म्हणते तशी बाराव्या आठवड्यात सुरू केली असं समजा. २६ आठवडे ३८व्या आठवड्यात संपतील. म्हणजे ड्यू डेटच्या दोन आठवडे आधी मॅटर्निटी लीव्ह संपली आणि तुम्ही भरल्या दिवसांत पुन्हा कामावर! त्यात बाळंतपणानंतरचे पहिले ६ आठवडे बाईला कामावर ठेवायला कायद्याने बंदी आहे. ते आठवडे मग कोणत्या खात्यात टाकणार? हे गणित एचआरला मेलवर लिहून विचारा. तोंडी विचारू नका. लेखी विचारलं की सूर बदलतो.

आता चौथा पर्याय. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात कलम १० होतं. गरोदरपण, बाळंतपण, मुदतपूर्व प्रसूती, गर्भपात किंवा नसबंदीची शस्त्रक्रिया यांतून उद्भवलेल्या आजारासाठी जास्तीत जास्त एक महिन्याची पगारी रजा, आणि ती मॅटर्निटी लीव्हच्या व्यतिरिक्त. दर तोच, मॅटर्निटीचा, म्हणजे सरासरी रोजच्या पगाराइतका पूर्ण. २०१७ च्या दुरुस्तीत १२ आठवड्यांचे २६ झाले त्याचा गाजावाजा झाला. या कलमाला तेव्हा कुणी हात लावला नाही, त्यामुळे ते बातम्यांतही आलं नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि जुना कायदा तिच्यात विलीन झाला. तीच तरतूद आता संहितेच्या कलम ६५ मध्ये आहे. अर्जात दोन्ही कलमांचा उल्लेख केला तरी बिघडत नाही. बऱ्याच कंपन्यांच्या पॉलिसीत अजून जुनेच आकडे छापलेले आहेत.

इथे एचआरकडून ठरलेला आक्षेप येतो: "ती महिन्याची रजा बाळंतपणानंतर, २६ आठवड्यांना जोडूनच मिळते." कलमात असं कुठेही म्हटलेलं नाही. आजारांच्या यादीत पहिलंच नाव गरोदरपणाचं आहे, बाळंतपणाचं त्यानंतर येतं. गरोदरपणातून होणारा आजार गरोदरपणातच होणार. तो बाळ झाल्यावर भोगायचा आणि रजा तेव्हा घ्यायची, असा अर्थ लावायला फार कल्पनाशक्ती लागते.

मर्यादा मात्र खरी आहे. हा महिना एकच धरून चाला. आत्ता पूर्ण वापरलात तर पुढे टाके चिघळले, बीपी वाढलं किंवा बाळ आधी आलं आणि काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, तर हाताशी तो नसेल. म्हणून कधी वापरायचा हे ठरवावं लागतं. याचं एकच उत्तर सगळ्यांना लागू होत नाही. साहेब समजूतदार असेल, वातावरण बरं असेल, तर मी आधी शिल्लक पीएल वापरायला सांगते आणि हा महिना राखून ठेवायला सांगते. पण तुमचा मॅनेजर आत्ताच राजीनाम्याची भाषा करतोय. तुमच्या जागी मी असते तर हा महिना आजच मागितला असता, निदान त्यातले पंधरा दिवस.

त्याचं कारण पगारापुरतं नाही. या कायद्यानुसार घेतलेल्या रजेवर असताना, किंवा त्या रजेच्या कारणावरून, मालक तुम्हाला काढू शकत नाही. रजेच्या काळात मुदत संपेल अशी नोटीस देऊ शकत नाही. तुमच्या सेवाशर्ती तुमच्या तोट्याच्या करू शकत नाही. जुन्या कायद्यात हे कलम १२ होतं, संहितेत ६८ आहे. साध्या सिक लीव्हला किंवा बिनपगारी रजेला हे कवच आपोआप मिळत नाही. बिनपगारी रजा म्हणजे कंपनीच्या कागदावर तुम्ही फक्त गैरहजर असता, आणि वर्षअखेरीच्या अप्रेझलमध्ये ती गैरहजेरी तुमच्याविरुद्ध मोजली जाते. तोच आजार, तेच दिवस, पण अर्जात कलमाचा आधार असेल तर ती गैरहजेरी कायद्याने दिलेली ठरते.

राजीनाम्याबद्दल एवढंच: देऊ नका. कायदा तुम्हाला बडतर्फीपासून वाचवतो, तुम्ही स्वतः सही केलेल्या कागदापासून वाचवत नाही. "आपल्याला परत घेऊ" हे आश्वासन लेखी मागून बघा, किती पटकन विषय बदलतो ते कळेल.

आता सगळ्यात महत्त्वाचा कागद, डॉक्टरांचं सर्टिफिकेट. बहुतेक प्रकरणं याच्यावर अडतात. आपल्याकडे डॉक्टर सवयीने लिहितात: "सदर महिला माझ्याकडे उपचार घेत असून तिला १५ दिवस विश्रांतीचा सल्ला देण्यात येत आहे." खाली सही-शिक्का. या कागदावर गरोदरपणाचा शब्द नाही, आजाराचा नाही, कामाचा नाही. एचआर तो कागद साध्या सिक लीव्हच्या फाइलला लावते आणि सिक लीव्ह संपलेली असते म्हणून पगार कापते. त्यांच्या दृष्टीने त्यांनी चूक केलेली नसते.

सर्टिफिकेटमध्ये हवं ते असं: "सौ. अमुक, वय अमुक, १२ आठवड्यांची गर्भवती, अपेक्षित प्रसूती तारीख अमुक. गरोदरपणातून उद्भवलेल्या आजारामुळे (हायपरएमेसिस ग्रॅव्हिडेरम) अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत कामावर जाण्यास वैद्यकीयदृष्ट्या अक्षम." खाली डॉक्टरांचं नाव, पदवी, नोंदणी क्रमांक, तारीख. "गरोदरपणातून उद्भवलेला" हे शब्द असलेच पाहिजेत, सगळं त्याच्यावर उभं आहे. आजाराचं नाव ऑफिसात कळू नये असं वाटत असेल तर कंसातलं नाव गाळायला सांगा. उलट्यांच्या बाबतीत मी मात्र नाव लिहून घ्यायला सांगते, कारण "उलट्या काय, सगळ्यांनाच होतात" हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागणारच आहे. सकाळची मळमळ आणि हायपरएमेसिस यांत फरक आहे. दुसऱ्यात पाणीसुद्धा पोटात टिकत नाही, वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरतं, लघवीत कीटोन सापडतात. ते रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड जवळ ठेवा. मागितल्याशिवाय सोनोग्राफीचा रिपोर्ट मात्र एचआरला देऊ नका, त्याची गरज नसते.

"संपूर्ण बेडरेस्ट" असं लिहून घ्यायचा आग्रह धरू नका. एक तर हल्लीचे स्त्रीरोगतज्ज्ञ दिवसचे दिवस पडून राहायला सरसकट सांगत नाहीत, त्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. दुसरं, तुम्ही बेडरेस्टवर असताना कुणी तुम्हाला औषधाच्या दुकानात पाहिलं की त्याचा बभ्रा होतो. "कामावर जाण्यास अक्षम" एवढं पुरतं. घरात चार पावलं चालणं आणि हिंजवडीपर्यंत बसने उभ्याने जाऊन आठ तास स्क्रीनसमोर बसणं यांतला फरक कुणाही अधिकाऱ्याला समजतो.

मागच्या तारखेचं सर्टिफिकेट मागू नका. डॉक्टरांनी खोटं किंवा दिशाभूल करणारं प्रमाणपत्र देणं हे त्यांच्या आचारसंहितेत गैरवर्तन आहे आणि त्यांना दिलेल्या प्रमाणपत्रांची नोंदवही ठेवावी लागते. प्रकरण चिघळलं तर ती वही समोर येऊ शकते. ज्या दिवशी दवाखान्यात जाल त्याच दिवशी लिहून घ्या. दाखल असाल तर नवऱ्याला किंवा भावाला फोटो काढून त्याच दिवशी मेल करायला सांगा.

अर्ज लांबलचक नको. असा पुरेसा आहे:

"मी १२ आठवड्यांची गर्भवती असून माझी अपेक्षित प्रसूती तारीख अमुक आहे. गरोदरपणातून उद्भवलेल्या आजारामुळे डॉक्टरांनी मला अमुक ते अमुक या काळात कामासाठी अक्षम ठरवलं आहे, प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे. मातृत्व लाभ कायदा, १९६१ चे कलम १० / सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० चे कलम ६५ यांनुसार या कालावधीची पगारी रजा मंजूर करावी. ही रजा माझ्या प्रसूती रजेतून वजा करू नये. मंजुरी लेखी कळवावी."

हा अर्ज एचआरच्या मेलवर आणि एक प्रत तुमच्या खासगी मेलवर. ऑफिसचं लॉगिन कधीही बंद होऊ शकतं, मग पुरावा त्यांच्याच सर्व्हरवर अडकतो. पोर्टलवर रजेच्या प्रकारात हा पर्याय नसेलच, बहुतेक पोर्टलवर नसतो. तेव्हा जवळचा प्रकार निवडा आणि कारणाच्या रकान्यात "मेलमधील अर्जानुसार" असं लिहा.

इथे एक गोष्ट बोलायला हवी, जी आपल्या घरांतून येते. तीन महिने कुणाला सांगायचं नाही, दृष्ट लागते. भावना समजू शकते, पण उलट्या, रक्तस्राव, चक्कर हे सगळं नेमकं त्याच पहिल्या तीन महिन्यांत होतं. मग पोर्टलवर कारण टाकलं जातं "फूड पॉयझनिंग", "व्हायरल", "ॲसिडिटी". पुढे वाद झाला की कंपनी तेच काढून दाखवते: बाईंनीच लिहिलंय की ॲसिडिटी होती. कायद्याचं संरक्षण गरोदरपणाशी बांधलेलं आहे. मालकाला ते माहीतच नव्हतं असं तो म्हणू शकला तर तुमची बाजू लंगडी पडते. सगळ्या ऑफिसला पेढे वाटायची गरज नाही. एचआरमधल्या एका माणसाला, लेखी, गोपनीय ठेवण्याच्या विनंतीसह कळवलं की पुरे. सासूबाईंना हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

पुढचा मुद्दा जरा कंटाळवाणा आहे, पण रक्कम मोठी आहे म्हणून वेळ घेते. मॅटर्निटी लीव्हचा पगार कशावर ठरतो? रजा सुरू होण्याच्या आधीच्या तीन महिन्यांत, ज्या दिवशी तुम्ही काम केलं त्या दिवसांच्या पगाराची सरासरी. पेरोलवाले इथे एक शॉर्टकट मारतात. समजा, सातव्या-आठव्या महिन्यात पुन्हा तब्येत बिघडली आणि त्या तीन महिन्यांत मिळून ३० दिवस बिनपगारी गेले. तीन महिन्यांचा पगार १,०८,००० ऐवजी ७२,००० आला. पेरोलने ७२,००० ला ९० ने भागलं, तर रोजचे ८०० रुपये. पण पगार तर ६० दिवसांचाच होता. ७२,००० ला ६० ने भागायचं, रोजचे १,२०० रुपये. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. दिवसाला ४०० रुपयांचा फरक, एकूण ७२,८०० रुपये. आजारपणात पगार कापला जातो तो एकदा, आणि चुकीच्या भागाकाराने तोच आजार पुन्हा सहा महिने कापला जातो. म्हणून शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा उतरवून ठेवा आणि मॅटर्निटीचा आकडा आला की स्वतः भागाकार करा. आणि हो, आठवडा म्हणजे सात दिवस, रविवार धरून. सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्येच बी. शाह खटल्यात हे सांगितलं आहे.

दुसरी भीती बायकांना असते ती ८० दिवसांची. ड्यू डेटच्या आधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस त्या कंपनीत काम केलेलं असलं तरच मॅटर्निटीचा लाभ मिळतो. तुमची दोन वर्षं झाली आहेत, तुम्ही निश्चिंत राहा. पण नवीन नोकरी धरल्यावर दिवस गेलेल्या किंवा दिवस गेल्यावर नोकरी बदललेल्या मुलींनी हे दिवस बोटांवर मोजावेत. बिनपगारी रजेचे दिवस यात धरले जात नाहीत. प्रोबेशनवर असलात तरी फरक पडत नाही, नोकरीत कायम होण्याची अट कायद्यात नाही. करारावर असाल आणि करार मधेच संपत असेल, तर सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये डॉ. कविता यादव यांच्या प्रकरणात स्पष्ट केलंय की मातृत्वाचा लाभ कराराच्या मुदतीपलीकडेही मिळू शकतो.

वर्क फ्रॉम होमबद्दल गैरसमज फार आहे. कायद्यात घरून काम करण्याची तरतूद आहे ती मॅटर्निटी लीव्ह संपल्यानंतरची, तीही काम तसं असेल आणि दोन्ही बाजू राजी असतील तर. गरोदरपणात घरून काम मिळालं तर तो कंपनीचा समजूतदारपणा, हक्क नव्हे. मागायला हरकत नाही, तुमच्या कामाला ते जमण्यासारखंही आहे. पण रजेवर असताना "जरा एवढा मेल बघा ना" याला बळी पडू नका. एकतर रजा, नाहीतर काम. आजारपणाची रजा लागलेल्या दिवशी तुम्ही चार तास लॉगिन असलात, तर अक्षम असल्याचं सर्टिफिकेट कोण मानणार? बाहेरचं फ्रीलान्स काम तर अजिबात नको. रजेच्या काळात दुसरीकडे काम केलं तर लाभच जप्त होऊ शकतो.

तुमच्याच ऑफिसात हाऊसकीपिंगला, पॅन्ट्रीला, किंवा चाकण-भोसरीच्या कारखान्यांत शॉप फ्लोअरवर ज्या मुली आहेत त्यांचं गणित वेगळं आहे. पगार महिन्याला २१,००० पर्यंत असेल तर त्या ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, येतात आणि पैसे कंपनी नाही, त्या योजनेचं महामंडळ देतं. गरोदरपणाच्या सुरुवातीला आजारी पडलं तर तिथे आजारपणाचा लाभ आहे: पगाराच्या ७० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस, सहा महिन्यांच्या वर्गणी काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर. पहिले दोन दिवस सहसा धरत नाहीत. शिवाय गरोदरपणातून आलेल्या आजारासाठी प्रसूतीलाभाच्या व्यतिरिक्त एक महिना, पूर्ण पगाराने, तिथेही आहेच. एकाच दिवसासाठी दोन्ही लाभ मात्र मिळत नाहीत. अडचण येते ती सर्टिफिकेटची. मुली खासगी डॉक्टरकडे जातात, कागद आणतात आणि ईएसआयच्या खिडकीवर तो परत येतो. सर्टिफिकेट ईएसआय दवाखान्याचं किंवा त्यांच्या नेमलेल्या डॉक्टरचं लागतं. म्हणून दिवस राहिल्याचं कळताच ईएसआय दवाखान्यात नाव घालावं, उपचार बाहेर घेत असलात तरीसुद्धा. चिंचवड किंवा बिबवेवाडीच्या रुग्णालयात रांग मोठी असते हे खरं आहे, पण ७० टक्के पगारासाठी एक सकाळ घालवायला हरकत नाही. ठेकेदाराने वर्गणी कापली आणि भरली नाही असंही घडतं, तेव्हा आधार जोडलेल्या पोर्टलवर आपली वर्गणी दिसते का ते आधी पाहावं.

शॉप फ्लोअरवर उभ्याने काम करणाऱ्यांसाठी आणखी एक: ड्यू डेटच्या सहा आठवडे आधीच्या महिन्यात, म्हणजे साधारण आठवा महिना लागताना, जड किंवा तासन्‌तास उभं राहण्याचं काम नको असं लिहून दिलं तर मालकाला ते देता येत नाही, आणि हलकं काम दिलं म्हणून पगार कापता येत नाही. त्याच्या आधी, तुमच्यासारख्या तिसऱ्या महिन्यात, काम बदलून मागायचं असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि सुपरवायझरच्या मर्जीवरच भागवावं लागतं. कायद्यातली ही उणीव मला नेहमी खटकते. सर्वात वाईट काळ सुरुवातीचा असतो आणि कायद्याचं लक्ष सगळं शेवटाकडे.

सरकारी नोकरीतल्या बायकांची स्थिती बरी आहे, लांबवत नाही. प्रसूती रजा १८० दिवस आणि ती रजेच्या खात्यातून वजा होत नाही. आधीच्या आजारपणासाठी अर्धवेतनी रजा वैद्यकीय प्रमाणपत्रावर परिवर्तित करून पूर्ण पगाराने घेता येते, त्यानंतर अर्जित रजा. प्रसूती रजेला दुसरी रजा जोडूनही घेता येते. जिल्हा परिषदेच्या शिक्षिका अनेकदा असाधारण (म्हणजे बिनपगारी) रजेचा अर्ज देऊन मोकळ्या होतात, कारण कारकून तसं सुचवतो. खात्यावर अर्धवेतनी शिल्लक किती आहे ते सेवापुस्तकात पाहिल्याशिवाय तसला अर्ज देऊ नये.

आता जे तुम्हाला लागू नये अशी माझी इच्छा आहे ते, पण वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला लागेल. गर्भपात झाला तर, आपोआप झालेला असो की वैद्यकीय, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ६ आठवडे पगारी रजा हा हक्क आहे, आणि त्या ६ आठवड्यांत बाईला कामावर घ्यायला मालकाला बंदी आहे. त्यावर आजार लांबला तर तो वरचा एक महिना. प्रत्यक्षात बायका चार दिवसांत, "पोटाचा त्रास" सांगून, परत येऊन बसतात, कारण सांगायला तोंड उघडत नाही. सर्टिफिकेटवर फक्त "गर्भपातानंतरची विश्रांती" एवढं पुरतं, तो कसा झाला हे मालकाला विचारायचा अधिकार नाही. आणि २६ आठवड्यांनंतर बाळ मृत जन्माला आलं, तर कायद्याच्या लेखी तो गर्भपात नाही, ती प्रसूती आहे. पूर्ण प्रसूती लाभ मिळतो. अशा वेळी एचआर "सहा आठवडे घ्या" असं सांगते आणि घरात कुणाचं भानही नसतं की विचारावं. भावाने, मैत्रिणीने, कुणीतरी हे लक्षात ठेवून त्यांच्या वतीने मेल करावा.

दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानात किंवा दवाखान्यात काम करणाऱ्यांना हे सगळं सहसा लागू होत नाही. तिथे मालकाशी बोलून जे लिहून घेता येईल तेच. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा तर रजेच्या बाबतीत आता वीस माणसांपासून पुढेच सुरू होतो, २०२५ पर्यंत ही मर्यादा दहाची होती. तुमच्या कंपनीला तो लागू आहे. त्यात वर्षाला ८ सीएल आणि दर २० दिवसांना एक पगारी रजा आहे, ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. वेगळी सिक लीव्ह मात्र तो देत नाही, ती फक्त कंपनीची पॉलिसी असते. म्हणून "सिक लीव्ह संपली" हे एचआरचं वाक्य बरोबर असू शकतं. गरोदरपणाच्या आजाराच्या रजेचा हिशोब त्यात होत नाही, एवढंच.

अर्ज नाकारला किंवा उत्तरच आलं नाही, तर आठवडाभर थांबून स्मरणपत्र पाठवा आणि त्यानंतर कामगार खात्याकडे लेखी तक्रार द्या. कारखान्यासाठी जागा वेगळी, ऑफिससाठी सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय. सोबत अर्जाचा मेल, सर्टिफिकेट, पगाराच्या स्लिपा, एवढंच न्या. वकील लागतोच असं नाही. काढून टाकलं किंवा लाभ नाकारला तर अपिलाची मुदत ६० दिवसांची असते, आणि बाळंतपणाच्या गडबडीत ६० दिवस कधी गेले ते कळत नाही, म्हणून तारीख घरातल्या दुसऱ्या माणसाकडेही लिहून ठेवा.

हायपरएमेसिसची धार बहुतेकींची १६ ते २० आठवड्यांच्या दरम्यान कमी होते, त्यामुळे महिन्याभरात तुम्ही परत जाऊ शकाल अशी शक्यता बरी आहे. तोपर्यंत पाणीही टिकेना, लघवी अगदी कमी झाली, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कागदपत्रांचं सगळं बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठा. परत जाताना डॉक्टरांकडून फिटनेस सर्टिफिकेट घ्या आणि रुजू झाल्याचा मेल त्याच दिवशी करा, म्हणजे रजा नेमकी कोणत्या तारखेला संपली यावर पुढे वाद होणार नाही. त्या महिन्यातले किती दिवस वापरले, किती राहिले, हेही एचआरकडून त्याच मेलच्या उत्तरात लिहून घ्या. ३२व्या आठवड्यानंतर मॅटर्निटीचा अर्ज करताना तो आकडा लागेल.